अमेरिकेने दुसरं महायुद्ध फक्त माल विकून लढलं का?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला विचारलं आहे: "दुसऱ्या महायुद्धात रक्त रशियाने सांडलं, अमेरिकेने शस्त्रं विकून पैसा केला आणि शेवटी अणुबॉम्ब टाकून श्रेय घेतलं, असं आमच्या नोट्समध्ये आहे. शिवाय अमेरिकेच्या भूमीवर लढाईच झाली नाही, मग तिथल्या सामान्य माणसाने असं काय सोसलं?"

मी ३२ वर्षं पदवीच्या वर्गांना आधुनिक जगाचा इतिहास शिकवला. हे वाक्य दरवर्षी कुठल्या ना कुठल्या उत्तरपत्रिकेत भेटायचं. त्याचा पहिला भाग खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवं. सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं या युद्धात गेली, अमेरिकेची ४ लाख ५ हजारांच्या आसपास. जर्मन सैन्याचा कणा पूर्व आघाडीवर मोडला. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पहिला अमेरिकी सैनिक उतरला त्याच्या सव्वा वर्ष आधीच स्टालिनग्राडची लढाई होऊन गेली होती.

पण "माल विकला" हे चूक आहे, आणि गंमत म्हणून नाही तर पुढचं सगळं समजायला ही चूक आधी दुरुस्त करावी लागते. सुरुवातीला, १९३९ च्या शेवटी, अमेरिका खरोखर विकत होती: रोख मोजा आणि तुमच्याच जहाजातून न्या, असा नियम होता. १९४० संपता संपता ब्रिटनकडचं सोनं आणि डॉलर संपत आले. तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पत्रकारांना शेजाऱ्याच्या घराला लागलेल्या आगीचा दाखला दिला: अशा वेळी पाण्याच्या नळीचे १५ डॉलर आधी टाक, असं कुणी म्हणतं का? नळी द्यायची, आग विझली की परत घ्यायची. त्यातून ११ मार्च १९४१ ला 'लेंड-लीज' कायदा झाला. युद्धभरात त्याखाली सुमारे ५० अब्ज डॉलरचा माल गेला. ३१ अब्जांच्या आसपास ब्रिटिश साम्राज्याकडे, ११ अब्जांच्या आसपास सोव्हिएत संघाकडे. यातला फार मोठा भाग परत आला नाही आणि त्याचे पैसेही आले नाहीत.

सोव्हिएत संघाला गेलेल्या मालात रणगाडे आणि विमानं होतीच, पण मी वर्गात नेहमी ट्रकवर थांबायचो. जीप आणि ट्रक मिळून ४ लाखांवर गाड्या गेल्या, शिवाय रेल्वेची इंजिनं, बूट, डबाबंद मांस, टेलिफोनची तार. १९४३ नंतर लाल सेना, म्हणजे सोव्हिएत सैन्य, शेकडो मैल पश्चिमेला धावली ती पुष्कळशी या ट्रकांच्या चाकांवर. स्टालिनग्राड सोव्हिएत माणसांनी जिंकलं, तोवर ही मदत पुरती पोहोचलीही नव्हती. बर्लिनपर्यंतचा वेग मात्र दोघांचा आहे. माझं मत विचाराल तर "कोणी जिंकलं" या प्रश्नाला एकाच देशाचं नाव देणारं उत्तर अर्ध्या गुणांचं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे "पर्ल हार्बरमुळे अमेरिका युद्धात उतरली" हे एका ओळीचं उत्तर. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी जपानी विमानांच्या दोन लाटा आल्या, २,४०३ अमेरिकी माणसं मेली, त्यातले १,१७७ एकट्या 'अॅरिझोना' युद्धनौकेवरचे. हे खरंच. पण त्याआधी सव्वा वर्ष, सप्टेंबर १९४० मध्ये, शांततेच्या काळातली पहिली सक्तीची सैन्यभरती सुरू झाली होती. त्याच महिन्यात ५० जुन्या विनाशिका (वेगवान युद्धनौका) ब्रिटनला देऊन त्या बदल्यात नाविक तळांच्या जागा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतल्या होत्या. १९४१ च्या शरद ऋतूत अमेरिकी नौदल अटलांटिकमध्ये ब्रिटनकडे जाणाऱ्या जहाजांना सोबत करत होतं आणि ३१ ऑक्टोबरला 'रूबेन जेम्स' ही अमेरिकी विनाशिका जर्मन पाणबुडीने बुडवलीही होती. इकडे जपानला जाणारं तेल अमेरिकेने जुलै-ऑगस्टमध्येच तोडलं होतं.

आणि देश मात्र एकमताचा मुळीच नव्हता. ऑगस्ट १९४१ मध्ये भरती झालेल्यांची मुदत वाढवण्याचा ठराव प्रतिनिधिगृहात २०३ विरुद्ध २०२ मतांनी पास झाला. एका मताने! चार महिन्यांनी त्याच सभागृहात जपानविरुद्धच्या युद्धाला विरोध करणारं एकच मत पडलं, जेनेट रँकिन या बाईंचं. जर्मनीवर तर अमेरिकेने आपण होऊन युद्ध पुकारलंच नाही. ११ डिसेंबरला हिटलरनेच अमेरिकेविरुद्ध युद्ध जाहीर केलं. तरीही रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी ठरवलं की आधी जर्मनी, मग जपान. हल्ला करणाऱ्याला मागे ठेवून दुसऱ्याला पुढे घेणं जनतेला पटवणं सोपं नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, ज्यावर मला जास्त लिहायचं आहे. लढाई झाली नाही म्हणजे युद्ध झालं नाही, असं नसतं.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने अमेरिकेतल्या जुन्या बाजारातून घेतलेलं एक रेशन पुस्तक मला पाठवलं होतं. १९४३ चं, तिसऱ्या क्रमांकाचं. तळहाताएवढं, पिवळट कागदाचं. आत पोस्टाच्या तिकिटांसारखी चिमुकली कुपनं, आणि त्यांवर चित्रं: रणगाडा, तोफ, विमान, युद्धनौका. वरच्या पानावर ज्याचं पुस्तक त्याचं नाव, पत्ता, वय, उंची, वजन, व्यवसाय. या पुस्तकात वय ३ वर्षं, वजन ३१ पौंड आणि व्यवसायाच्या जागी एक आडवी रेघ. म्हणजे तीन वर्षांच्या मुलीचंही स्वतंत्र पुस्तक होतं. मागे सूचना छापली आहे, तिचा मथितार्थ असा की गरज नसेल तर विकत घेऊ नका. मी हे पुस्तक वर्गात फिरवायचो. आपल्याकडे रेशन म्हणजे स्वस्त धान्य, म्हणून मुलांना आधी वाटायचं ती गरिबांसाठीची सोय होती. तिथे ते मर्यादेचं पुस्तक होतं. खिशात पैसे असोत वा नसोत, कुपन संपलं की वस्तू मिळायची नाही.

साखर मे १९४२ पासून, माणशी आठवड्याला साधारण अर्धा पौंड. मग कॉफी, बूट, मांस, लोणी, चीज, डबाबंद भाज्या. तळणीतून उरलेली चरबी डब्यात साठवून खाटकाकडे नेऊन द्यायची, कारण चरबीतून ग्लिसरिन आणि ग्लिसरिनमधून स्फोटकं. पेट्रोलची गोष्ट तर मुद्दाम लक्षात ठेवा. अमेरिकेकडे तेल मुबलक होतं, तरी डिसेंबर १९४२ पासून देशभर पेट्रोलवर रेशन आलं. सामान्य गाडीवाल्याला आठवड्याला ३-४ गॅलन, म्हणजे ११ ते १५ लिटर, आणि वेगाची मर्यादा ताशी ३५ मैल. का? कारण जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतले होते आणि अमेरिकेचं ९० टक्क्यांहून जास्त नैसर्गिक रबर तिकडून यायचं. पेट्रोल टायर वाचवण्यासाठी तोडलं. सिंगापूर पडल्याचा परिणाम कॅन्ससमधल्या शेतकऱ्याच्या गाडीपर्यंत असा पोहोचला. देशातली आघाडी आणि परदेशातली आघाडी अशी दोन वेगळी प्रकरणं पाठ्यपुस्तकात असतात. मला ती कधीच वेगळी करता आली नाहीत.

करांचंही तसंच. युद्धाआधी प्राप्तिकर भरणारे ४० लाखांच्या घरात होते, १९४५ पर्यंत ४ कोटींवर गेले. इतक्या लोकांकडून वर्षाअखेरीला वसुली होणार कशी, म्हणून १९४३ पासून पगारातूनच कर कापायला सुरुवात झाली. आज आपण टीडीएस म्हणतो तीच कल्पना. सर्वांत वरच्या उत्पन्नावरचा दर १९४४ मध्ये ९४ टक्के होता. शिवाय युद्धरोखे: १८ डॉलर ७५ सेंटला घ्यायचा, १० वर्षांनी २५ डॉलर मिळायचे. शाळेतली मुलं १० सेंटची तिकिटं अल्बममध्ये चिकटवून रोखा पुरा करायची. साडेआठ कोटी लोकांनी मिळून १८५ अब्ज डॉलरचे रोखे घेतले.

आणि या पैशातून काय उभं राहिलं ते पाहा. १९४२ च्या फेब्रुवारीत खासगी मोटारींचं उत्पादन बंद झालं. मिशिगनमधल्या विलो रन इथल्या फोर्डच्या कारखान्यातून ८,६८५ बी-२४ बॉम्बर बाहेर पडले, ऐन भरात तासाला एक. देशभरात मिळून सुमारे ३ लाख विमानं झाली. 'लिबर्टी' नावाची मालवाहू जहाजं २,७१० बांधली. पहिल्या जहाजांना २०० हून जास्त दिवस लागले, पुढे सरासरी ४२ दिवसांवर आली. कॅलिफोर्नियातल्या रिचमंड गोदीत एक जहाज ४ दिवस १५ तासांत पाण्यात उतरवलं. ते प्रसिद्धीसाठी केलं होतं, पण रीत खरी होती: जहाजाचे तुकडे वेगवेगळीकडे बनवायचे आणि रिव्हेटऐवजी वेल्डिंगने जोडायचे. घाईची किंमतही मोजावी लागली, थंड समुद्रात काही जहाजांना तडे गेले, काही दुभंगली. तरी जर्मन पाणबुड्या बुडवतील त्याहून वेगाने जहाजं बांधायची, हा हिशेब जमला आणि अटलांटिकची लढाई त्यावर फिरली.

ही जहाजं जोडणाऱ्या हातांत बायकांचे हात फार होते. नोकरी करणाऱ्या स्त्रिया १९४० मध्ये १ कोटी २० लाखांच्या आसपास होत्या, त्या १ कोटी ९० लाखांपर्यंत गेल्या. पगार पुरुषांपेक्षा कमी. हजारावर स्त्रिया लष्करी विमानं कारखान्यातून तळापर्यंत उडवत न्यायच्या. त्यातल्या ३८ जणी मेल्या, पण त्यांना सैनिक मानलं जात नव्हतं. सरकार अंत्यविधीचा खर्च देत नव्हतं. मैत्रिणींनी वर्गणी काढून शवपेटी घरी पाठवली, असं घडलं. सैनिक म्हणून मान्यता १९७७ मध्ये मिळाली.

इथपर्यंतची कहाणी अमेरिका स्वतः आनंदाने सांगते. पुढची सांगायला तिला वेळ लागला.

१९ फेब्रुवारी १९४२ ला रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली. पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरं, दुकानं, शेतं सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत जावं लागलं. दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक. हातात मावेल तेवढंच सामान. छावण्या तयार होईपर्यंत काही कुटुंबांना लॉस एंजेलिसजवळच्या सांता अनिता रेसकोर्सच्या तबेल्यांत ठेवलं, जिथे आदल्या हंगामात घोडे होते. आरोप नाही, खटला नाही. हवाईमध्ये, जिथे प्रत्यक्ष हल्ला झाला, तिथे एक तृतीयांशाहून जास्त लोकसंख्या जपानी वंशाची होती. तिथे असं सरसकट उचललं नाही, कारण बेटांचा कारभारच ठप्प झाला असता. संरक्षणाचं कारण किती खरं होतं ते यावरून कळतं. सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये कोरेमात्सू खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी हे वैध ठरवलं. माफी आणि माणशी २० हजार डॉलर १९८८ मध्ये आले. आणि याच छावण्यांतली मुलं अमेरिकी सैन्याच्या ४४२व्या रेजिमेंटमध्ये भरती होऊन इटलीत आणि फ्रान्समध्ये लढली. आईबाप तारेच्या आत होते.

कृष्णवर्णीयांचं सैन्य वेगळं, बराकी वेगळ्या, रेडक्रॉसने त्यांचं रक्तसुद्धा वेगळ्या बाटल्यांत ठेवलं. कारखान्यांत काम मिळावं म्हणून कृष्णवर्णीय कामगार नेते फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा जून १९४१ मध्ये रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगातल्या भेदभावाला बंदी घातली. दोन वर्षांनी डेट्रॉइटमध्ये दंगल झाली, ३४ माणसं मेली, २५ कृष्णवर्णीय. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी 'दुहेरी विजया'ची घोषणा दिली होती: बाहेर फॅसिझमवर आणि घरात वर्णभेदावर.

यातली एक लढाई आपल्या माणसांच्या अगदी शेजारी झाली. इटलीतल्या सेर्किओ नदीच्या खोऱ्यात अमेरिकेची कृष्णवर्णीयांची ९२वी डिव्हिजन होती. २६ डिसेंबर १९४४ च्या पहाटे जर्मनांनी सोमोकोलोनिया या डोंगरावरच्या गावावर हल्ला केला. तोफांना निशाण सांगणारा लेफ्टनंट जॉन फॉक्स एका घराच्या वरच्या मजल्यावर थांबला आणि गोळे जवळ जवळ मागवत गेला. शेवटी त्याने स्वतःच्या घरावरच मारा करायला सांगितलं. नंतर त्याचा देह सापडला तेव्हा आजूबाजूला सुमारे शंभर जर्मन सैनिक मरून पडले होते. आघाडी मागे रेटली गेली, ती सावरायला आठवी भारतीय डिव्हिजन पुढे आली आणि बार्गा गाव परत घेतलं. या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. तिच्यातल्या नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, जून १९४५ मध्ये तो जाहीरही झाला. अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक त्या युद्धात एकाही कृष्णवर्णीय सैनिकाला दिलं गेलं नाही. फॉक्ससह सात जणांना ते १९९७ मध्ये दिलं. सातांपैकी एकच तोवर हयात होता. नगर जिल्ह्यातल्या, परक्या राजाच्या सैन्यातल्या जवानाला तीन महिन्यांत जे मिळालं, ते स्वतंत्र देशाच्या नागरिकाला बावन्न वर्षांनी. हे सांगताना वर्गात माझा आवाज दरवेळी चढायचा, आणि तो मी कधी आवरला नाही.

ही विसंगती त्या काळातही दिसत होती. १ जुलै १९४२ ला गांधीजींनी रूझवेल्ट यांना पत्र लिहिलं. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलं की ब्रिटन हिंदुस्थान आणि आफ्रिकेचं शोषण करतं आहे आणि अमेरिकेच्या स्वतःच्या घरात निग्रोंचा प्रश्न आहे, तोवर स्वातंत्र्यासाठी लढतो हा दोस्तांचा दावा पोकळ वाटतो. रूझवेल्ट यांनी सुरुवातीला चर्चिलवर दबाव आणला होता, क्रिप्स बोलणी चालू असताना त्यांचे प्रतिनिधी लुई जॉन्सन दिल्लीत खटपट करत होते. १९४३ मध्ये त्यांचे प्रतिनिधी म्हणून विल्यम फिलिप्स आले. तेव्हा गांधीजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते, फेब्रुवारीत त्यांनी २१ दिवसांचा उपास केला. फिलिप्स यांनी त्यांना भेटण्याची परवानगी मागितली, व्हाइसरॉय लिनलिथगोंनी नाकारली, आणि रूझवेल्ट यांनी ते प्रकरण ताणलं नाही. चर्चिलला दुखवायचं नव्हतं. त्यांची अडचण मला समजते, पण तिथे ते कमी पडले असंच मी म्हणेन. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. दोन देशांतले हे धागे आपल्या अभ्यासक्रमात यायला हवेत.

अमेरिकी सैन्य आपल्याकडेही होतं. आसामातून हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनमधल्या कुनमिंगला विमानांनी सुमारे साडेसहा लाख टन माल नेला. आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशातून जाणारा रस्ता खणणाऱ्या अमेरिकी सैनिकांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्यासोबत हजारो स्थानिक मजूर.

अणुबॉम्बबद्दल थोडक्यात, कारण त्यावर स्वतंत्र उत्तर लागेल. हिरोशिमा ६ ऑगस्ट, नागासाकी ९ ऑगस्ट १९४५, आणि त्याच दिवशी सोव्हिएत फौजा जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात शिरल्या. जपानच्या शरणागतीमागे दोन्ही कारणं धरा. आणि ९-१० मार्चच्या रात्रीचं टोकियो विसरू नका: साध्या आगबॉम्बनी एका रात्रीत सुमारे १ लाख माणसं जळाली. शहरं जाळण्याचा निर्णय अणुबॉम्बच्या आधीच झालेला होता. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या लढाईत १२ हजारांवर अमेरिकी मेले म्हणून बॉम्ब अपरिहार्य होता, हा युक्तिवाद मला पूर्ण पटत नाही, पण त्या उन्हाळ्यात ओकिनावाहून पत्र न आलेल्या घराला तो पटला असणार.

शेवटी तुमच्या "काय सोसलं" या शब्दांसाठी एक घटना देतो, उत्तरात जरूर वापरा. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजातल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. तो आपल्याला माहीत आहे, अग्निशमन दल आजही तो दिवस पाळतं. त्यानंतर तीन महिन्यांनी, १७ जुलैला, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या पोर्ट शिकागो धक्क्यावर पॅसिफिकसाठी दारूगोळा भरताना तसाच स्फोट झाला. ३२० माणसं मेली, त्यातले २०२ कृष्णवर्णीय. माल चढवायला फक्त तेच होते, वरचे अधिकारी गोरे. दारूगोळा हाताळण्याचं धड प्रशिक्षण कुणालाच नव्हतं. काही आठवड्यांनी वाचलेल्यांना पुन्हा तेच काम करायला सांगितलं, तेव्हा अनेकांनी नकार दिला. पन्नास जणांवर बंडाचा खटला चालला आणि सगळे दोषी ठरले. अमेरिकी नौदलाने त्यांना निर्दोष जाहीर केलं ते स्फोटाला बरोबर ८० वर्षं झाली त्या दिवशी, १७ जुलै २०२४ ला.